रेक्सच्या पाठीमागे कोण उभं राहणार

“मला डोळे आहेत, व्हेल्मा. आंधळ्यांना देतात तसला कुत्रा मला कशाला?”

“डोळे आहेत तेच तर तुझं दुखणं आहे. मिटलेस तरी दिसतंच आहे तुला.”

हे भांडण मी कुंपणाच्या अलीकडून ऐकलं. कान लावून ऐकलं असं नाही. मी घेवड्याच्या शेंगा तोडत होते, आणि शिर्मरांच्या आणि माझ्या परसामधलं कुंपण पत्र्याचं आहे. त्यातून पलीकडची शिंकसुद्धा सबंध अलीकडे येते.

“लोक काय म्हणतील? धडधाकट माणूस, आणि कुत्र्याला धरून चालतोय.”

“लोक काय म्हणतात ते ऐकायला तू घराबाहेर पडायला हवंस ना, रेक्स. ब्रेड मी आणते, टपाल मी आणते, तुझे केससुद्धा मीच कापते. एकदा आरशात बघ कसे कापते ते.”

पलीकडे रेक्सची खुर्ची सरकली.

“कुत्रा घरात येतोय,” व्हेल्मा म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि खाली आलेला आवाज मला जास्त नीट ऐकू आला. “नाहीतर मी बहिणीकडे राहायला जाते. थकले मी, रेक्स. आता खरंच होत नाही माझ्याच्यानं.”

मग बादलीत नळाचं पाणी पडल्याचा तेवढा आवाज. शेवटी रेक्स म्हणाला, “रंग कुठला आहे त्याचा?”

“काळा. आणि तो नाही, ती आहे.”

मी टोपली घेऊन आत आले. निम्म्या शेंगा कोवळ्याच तोडल्या होत्या, ते शिजवायला घेतल्यावर लक्षात आलं.

रेक्स शिर्मर हा आमच्या यारकूनातला यंत्रं दुरुस्त करणारा. गव्हाचं गाव. कापणीच्या दिवसांत कुणाचं ना कुणाचं यंत्र बिघडायचंच, आणि रेक्स पाठीवर झोपून त्याच्या पोटाखाली शिरायचा. मी त्याला त्याच्या बाप्तिस्म्यापासून ओळखते. तेव्हा तो रडला नव्हता. पाद्री नवा होता, तोच घाबरला होता. माझ्या ओसरीच्या पायऱ्यांवर खेळून तो मोठा झाला आणि केस पिकल्यावरही मला हिल्डा आंटीच म्हणत राहिला.

आमच्याकडे अँब्युलन्स आहे, पण ती चालवायला पगारी माणूस नाही. गावातलीच माणसं शिकून घेतात आणि पाळी लावतात. सभागृहाच्या छपरावरचा भोंगा वाजला, मग आग असो की अपघात, हातातलं टाकून धावायचं. रेक्स तरुणपणापासून धावत आला होता. माझ्या नवऱ्यालाही त्याच्या शेवटच्या दुखण्यात रेक्सनंच नेलं, आणि सगळ्या वाटेत त्याच्याशी फुटबॉलबद्दल भांडत गेला. माझा नवरा भांडता भांडता गेला, म्हणजे सुखानं गेला.

मग एका कापणीला, गव्हाच्या कोठारांपलीकडच्या चौफुलीवर ट्रकनं एक गाडी उडवली. पाळी रेक्सची होती. गाडीत डीन लीमन होता. डीन आणि रेक्स शाळेत एका बाकावर, मैदानात एका संघात, लग्नांत एकमेकांच्या शेजारी उभे. हेलिकॉप्टर येईपर्यंत रेक्स त्या तापलेल्या रस्त्यावर गुडघे टेकून डीनचं डोकं दोन्ही हातांत धरून बसला. मान हलू द्यायची नाही, असं शिकवलेलं असतं त्यांना. डीन काहीबाही बोलत होता, मग बोलेनासा झाला. रेक्सनं हात काढले नाहीत. शेवटी कुणीतरी मागून आलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालं, “सोड आता, रेक्स.”

हे मला व्हेल्मानं पुष्कळ उशिरा सांगितलं. गावाला तर ते माहीतच नव्हतं. असतं तर गावानं पुढं जे केलं ते केलं नसतं.

आमच्याकडे दुःखात फार बोलत नाहीत. दुकानात गाठ पडली की मागून यायचं, खांद्यावर हात ठेवायचा, जरासा दाबायचा आणि आपलं दूध घेऊन चालू पडायचं. ज्याचं दुःख आहे त्याला मागे वळून बघावं लागत नाही, उत्तर द्यावं लागत नाही. चांगली रीत आहे, माझ्या वाट्याला आली तेव्हा मला बरी वाटली होती. डीनच्या दफनानंतर रेक्स दुकानात गेला की सगळं गाव असं मागून यायचं. रेक्स दर हाताला दचकायचा. लोकांना वाटायचं, बिचारा, अजून सावरला नाही, आणि ते आणखी जरा दाबून जायचे. एकदा क्लॅरीनं, म्हणजे दुकानदारानं, असाच हात ठेवला, तर रेक्स डब्यांच्या मांडणीवर जाऊन पडला. पीचच्या फोडींचे डबे सगळ्या दुकानभर घरंगळले. रेक्स भिंतीला पाठ लावून खाली बसला तो व्हेल्मा येईपर्यंत उठला नाही.

त्या दिवसापासून तो घरात.

आणि लोरेन. लोरेन ही डीनची बायको. तिनं रेक्सला भेटायला दोनदा त्यांचं दार वाजवलं, दोन्ही वेळा रेक्स मागच्या शेडमध्ये जाऊन बसला. “मी काय खाते का त्याला?” ती मला म्हणाली होती. “शेवटी डीनजवळ तोच होता. डीन काय म्हणाला, एवढं विचारायचंय. दुसरं कुणाला विचारू?”

हे मी व्हेल्माला सांगितलं. व्हेल्मा म्हणाली, “मलाही सांगत नाही तो. तेवढंच विचारू नकोस म्हणतो.”

अशा घरात ओल्गा आली.

ओल्गा काळी लॅब्रॅडॉर, अंगानं भरलेली, चेहरा शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. तिच्याबरोबर शहरातल्या संस्थेची ब्रॉन्विन नावाची बाई आली आणि काही दिवस पबच्या वरच्या खोलीत राहिली. तिनं आधी रेक्सला शिकवलं आणि मग सगळ्या गावाला. ओल्गाच्या अंगावर निळं जॅकेट असलं की ती कामावर आहे. हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, खायला द्यायचं नाही. तिच्या डोळ्यांत बघून गोड हसायचंसुद्धा नाही.

“माझ्या बायकोचाही हाच नियम आहे,” क्लॅरी म्हणाला. “जॅकेट मात्र नाही तिच्याकडे.”

ओल्गाला पहिले धडे बायकांच्या तुरुंगात मिळाले होते. तिथल्या बाया पिल्लं वाढवतात, शिकवतात आणि मग देऊन टाकतात. क्लॅरीला ते कळल्यावर तो म्हणाला, “तरीच. शिक्षा भोगून आलेली आहे, म्हणून एवढी शिस्त. आणि हे बघा, रेक्स हे कुत्र्याचं नाव ते माणसाला, आणि ओल्गा हे बाईचं नाव ते कुत्रीला. देवानं चिठ्ठ्या वाटताना घोळ घातला.” रेक्स हसला. जरासाच, पण दुकानात हसला. क्लॅरीनं ते दिवसभर सगळ्यांना सांगितलं.

ती काय करायची म्हणाल तर दिसायला फार काही नाही. रेक्स रांगेत उभा राहिला की ती त्याच्या मागे आडवी उभी राहायची, फाटकासारखी. मागून कुणाला येताच यायचं नाही. त्याचे हात थरथरायला लागले की तो बसेल तिथं त्याच्या मांडीवर पुढचं अंग टाकायची, अख्ख्या वजनानिशी, आणि थरथर थांबेपर्यंत उठायची नाही. रेक्सनं मांडीवर दोन बोटं आपटली की ती त्याला ओढत सरळ दाराबाहेर न्यायची. “झोपेत ओरडायला लागला की मी उठवायचे, तर मला ढकलून द्यायचा,” व्हेल्मा म्हणाली. “आता ती तोंड चाटते. नुसते डोळे उघडतो आणि म्हणतो, श्वासाला वास येतो तुझ्या. मला वाटायचं मलाच म्हणतोय.”

ब्रॉन्विननं बजावलं होतं की कुत्रीला रोज ठरलेलं काम हवं. आमच्या गावात टपाल घरोघर येत नाही, क्लॅरीच्या दुकानातल्या पेट्यांमधून ज्याचं त्यानं आणायचं. तेव्हा रोज सकाळी टपाल, असं ठरलं. माझे गुडघे तेव्हाच रुसलेले, म्हणून माझंही ती दोघंच आणू लागली. टपाल रेक्सच्या हातात, माझं वर्तमानपत्र ओल्गाच्या तोंडात. ती ओसरीवर येऊन ते माझ्या खुर्चीत ठेवायची आणि माझ्याकडे न बघता मागे फिरायची. कागदाचा एक कोपरा ओला असायचा. तिथं नेमकं हवामान छापलेलं असायचं. माझं काही अडलं नाही. मी शाळा लवकर सोडली, मोठे लेख मला झेपत नाहीत, मी वाचते ती मरणाची पानं, आणि हवामान मला खिडकीतून दिसतं.

अशी वर्षं गेली. ओल्गा रोज माझ्या पायाशी यायची आणि मी तिला कधी हात लावला नाही. सगळ्या गावानं लावला नाही. पोरं तिच्यासमोर हात पाठीमागे बांधून उभी राहायची.

लोरेनचा प्रश्न मात्र तसाच राहिला. ती दुकानात असली की रेक्सची दोन बोटं मांडीवर पडायची आणि ओल्गा त्याला बाहेर काढायची. ती कुत्री आपलं काम चोख करत होती, काय करणार. लोरेननं काही वेळा ते पाहिलं आणि मग आपली वेळ बदलली. रेक्स सकाळी दुकान उघडताच, लोरेन त्यानंतर, सावकाश. एवढंसं गाव, आणि ती दोघं घड्याळाच्या काट्यांसारखी एकमेकांना चुकवत फिरायची.

एका उन्हाळ्यात भोंगा वाजला. गवताला आग लागली होती, उत्तरेकडे. मी परसात कपडे वाळत घालत होते. आमच्या कुंपणाचा एक पत्रा वाऱ्यानं गेला होता, त्या फटीतून मला रेक्स दिसला. तो मागच्या ओसरीच्या पायरीवर बसलेला. भोंगा चढत चालला तसे त्याचे हात सुरू झाले, गुडघ्यांवर दाबून धरले तरी. मी ओल्गाची वाट बघत होते. ती तिथंच, पावलांच्या अंतरावर, उन्हात कुशीवर पडलेली. भोंगा वर जात होता, खाली येत होता, परत वर जात होता, आणि ओल्गाचा कानसुद्धा हलला नाही.

रेक्सनं तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग पायरीवरून उतरला, जवळजवळ रांगतच, आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसला. तिच्या पोटाच्या वर, स्पर्श होणार नाही असा, हात धरून ठेवला. भोंगा संपला तेव्हा त्याला मी दिसले. त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

“उठवू नका,” म्हणाला. “झोपलीय.”

तो तिच्या बहिरेपणाबद्दल कुणाला बोलला नाही. बोलला असता तर संस्थेनं जॅकेट काढलं असतं. जॅकेट नाही म्हणजे ओल्गा दुकानात नाही, आणि ओल्गा नाही म्हणजे रेक्सही नाही. नव्या कुत्र्याचं विचारायचीसुद्धा सोय नव्हती. “दुसरं कुणी जॅकेट घालून माझ्याबरोबर निघालं, तर ही फाटकात बसून बघेल,” तो व्हेल्माला म्हणाला. “तिला ते कसं समजावणार?”

गंमत अशी की गावात सगळ्यांना कळलं होतं, आणि दर माणसाला वाटत होतं की आपल्या एकट्यालाच कळलंय. रेक्सनं हाका मारणं सोडलं, नुसत्या हातानं खुणा करू लागला. रस्ता ओलांडताना आता तोच तिच्यासाठी दोन्हीकडे बघायचा. क्लॅरीनं दाराची घंटा काढून टाकली. घंटा वाजून ओल्गा वळली नाही तर लोकांच्या लक्षात येईल म्हणून. विचारलं तर म्हणाला, डोकं दुखतं घंटेनं. चाळीस वर्षं दुखलं नव्हतं.

वर्षातून एकदा ब्रॉन्विन तपासणीला यायची. त्या खेपेला ती दुकानात आली तेव्हा आत जरा जास्तच माणसं होती आणि कुणीच काही विकत घेत नव्हतं. मलाही कुणाच्या तरी गाडीत घालून आणलं होतं. ब्रॉन्विन रेक्सशी बोलत बोलत ओल्गाच्या मागे गेली आणि तिनं किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला. त्याच क्षणी क्लॅरीनं गल्ल्यामागून दोन्ही हात हलवले, ओल्गानं मान वर केली. ब्रॉन्विननं पुन्हा किल्ल्या टाकल्या. आता बेकरीवाल्याच्या बायकोनं ओल्गासमोर रुमाल झटकला आणि तोच नाकाला लावून शिंकल्याचं सोंग केलं.

ब्रॉन्विननं किल्ल्या उचलल्या. सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

“इतके वाईट नट मी उभ्या जन्मात पाहिले नाहीत,” ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. ती ओल्गाजवळ गुडघ्यांवर बसली, तिच्या कानांमागे अंगठे फिरवले. मग रेक्सला म्हणाली, “कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून.”

“ती दमलीय, रेक्स. ऐकू येत नाही म्हणून तुझ्यावरची नजर ती एक क्षण काढत नाही. बघ तिच्याकडे. तिला सुट्टी दे.”

“आणि मी?”

ब्रॉन्विनकडे त्यावर जे होतं ते म्हणजे दुसरा कुत्रा, आणि तो त्याला नको होता. तिनं पट्टे सोडले, निळं जॅकेट काढलं आणि घडी करून काखेत घेतलं. ओल्गा तिथंच उभी राहिली. तिला वाटलं असावं, पुन्हा घालणार आहेत.

त्यानंतर टपाल व्हेल्मा आणू लागली. तीही आता साठीच्या पुढची, पण आणायची. ओल्गा रोज सकाळी तिच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभी राहायची, अंगावर काही नाही, नुसती काळी. ऊन चढलं की आत जायची. रेक्स खिडकीतून बघायचा. त्याचे केस पुन्हा व्हेल्मा कापते आहे, हे मला लांबूनच दिसलं.

एक दिवस व्हेल्मा टपाल ठेवून गेली नाही, माझ्यासमोर बसली.

“मागे कुणी उभं राहिलं तर दुकानात जाईन, असं रेक्स म्हणतो. माझं नाव काढलं तर नको म्हणाला. म्हणतो, तू मागे असलीस की मला तुझी काळजी पाठीत टोचते.”

“मग?”

“मग काय. कुणाला सांगू असलं?”

“मला धावता येत नाही, वाकता येत नाही,” मी म्हटलं, “उभं राहता येतं. तेही वॉकर असला तर.”

व्हेल्मानं माझ्याकडे पाहिलं, आणि खूप दिवसांनी ती हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले.

दुसऱ्या सकाळी मी वॉकर घेऊन त्यांच्या फाटकाशी गेले. ओल्गा उभीच होती. रेक्स टोपी हातात घेऊन दारात.

“हिल्डा आंटी, तुमचे गुडघे.”

“गुडघे माझे आहेत, मी बघते. तू चाल, मी मागे आहे.”

“आणि तुम्ही मागे पडलात तर?”

“मागेच राहायचंय मला. त्यासाठीच आलेय.”

निघालो. एक म्हातारी कुत्री, एक घाबरलेला माणूस आणि मी. माझ्यामुळे इतका वेळ लागला की दुकान उघडण्याची वेळ कधीच टळून गेली. दारात रेक्स थांबला.

“जॅकेट नाही तिच्या अंगावर,” तो म्हणाला.

“दिसतंय मला,” क्लॅरी म्हणाला. “दुकानात कुत्रा आणायला मनाई आहे, पाटी लावलीय.” मग गल्ल्यामागून बाहेर आला. “पण ओल्गाबाई कामावरून निवृत्त झाल्यात, त्यांना पाटी लागू नाही. रेक्स, एक विचारू? आता हात लावला तर चालतं का?”

रेक्सनं जरा विचार केला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच नव्हता.

“चालतं,” म्हणाला.

क्लॅरी त्या फरशीवर, एवढा जाडजूड माणूस, धपकन बसला. ओल्गा आधी मागे सरकली. तिनं रेक्सकडे पाहिलं, त्यानं हातानं खूण केली, मोकळी आहेस. मग ती क्लॅरीच्या मांडीवर डोकं ठेवून हळूहळू उलटीच झाली, चारी पाय वर, मुख्याध्यापिका कुठल्या कुठे. दुकानातली माणसं एकेक करून खाली बसली. माझ्याच्यानं बसवत नव्हतं, मी माझ्या जागी, रेक्सच्या पाठीमागे वॉकर आडवा लावून उभी राहिले.

आणि मागच्या फळ्यांआडून लोरेन पुढे आली. हातात टोपली. तिची वेळ होती ती. आम्ही उशिरा आलो होतो.

रेक्सची दोन बोटं मांडीवर आपटली. पुन्हा आपटली. ओल्गाला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि बघतही नव्हती ती, डोळे मिटून पोट खाजवून घेत होती. रेक्स मागे वळला, तर मी. मला बाजूला व्हायचं म्हटलं तरी तो वॉकर वळवण्यात निम्मी सकाळ गेली असती. आणि खरं सांगते, मला व्हायचंही नव्हतं.

लोरेननं टोपली खाली ठेवली. ती रेक्सकडे गेली नाही. ओल्गाजवळ बसली आणि वर बघून म्हणाली, “मी लावू हात?”

“लाव,” रेक्स म्हणाला.

ती कितीतरी वेळ त्या काळ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग रेक्स बोलला, इतक्या हळू की मी मागे नसते तर मलाही ऐकू आलं नसतं.

“डीन पंपाबद्दल बोलत होता.”

लोरेनचा हात थांबला.

“पंप बंद करायचा राहिलाय, लोरेनला सांग. परत परत तेच. मी म्हटलं, सांगतो. आणि मग मला वाटलं, हे कसं सांगू. माणूस जाताना बोलला, आणि काय, तर पंप. तू काहीतरी वेगळं ऐकायला थांबली असशील. माझ्याकडे वेगळं काही नव्हतंच.”

“चालूच होता तो,” लोरेन म्हणाली. “दुसऱ्या दिवशी उठून बघते तर कोंबड्या घोटाभर पाण्यात उभ्या. टाकी रिकामी.” ती हसायला लागली, आणि ते हसणं मध्येच मोडलं. “इतकी चिडले होते मी त्याच्यावर. तो गेलेला, आणि मी चिखलात उभी राहून त्याला शिव्या देत होते, की हा बाबा विसरला तो विसरलाच. आजपर्यंत टोचायचं मला ते, की मी त्याला शिव्या दिल्या.” तिनं तोंडावर हात धरला. “आठवत होतं त्याला.”

“पुन्हा पुन्हा आठवत होतं,” रेक्स म्हणाला.

लोरेनला फरशीवरून उठवेना. रेक्सनं पुढून हात दिला. क्लॅरी उठून मागून यायला निघाला, सवयीनं रेक्सच्या खांद्यासाठी हात पुढे करून. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो तिथूनच मागे फिरला आणि डबे लावायला लागला.

त्यानंतर एक शरद आणि निम्मा हिवाळा ओल्गा आमच्याबरोबर जात होती. रस्त्याच्या कडेला ती जॅकेटमध्ये असताना थांबायची तशीच थांबायची, रेक्स दोन्हीकडे बघायचा, मग दोघं ओलांडायची. मी थोड्याच दिवसांत घरी बसले, माझी गरज राहिली नव्हती. ओल्गा आता वर्तमानपत्र ठेवून लगेच वळायची नाही, माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकायची. उशिरा सुरू झालेलं सुख थोडकंच असतं असं म्हणणार होते, पण ते राहू दे. जेवढं होतं तेवढं मी दोन्ही हातांनी घेतलं.

हिवाळ्यात ती गेली. सकाळी उठलीच नाही. लिंबाच्या झाडाखाली खड्डा रेक्सनं एकट्यानं खणला. लोरेन केक घेऊन आली, व्हेल्मानं चहा केला, आणि ती तिघं त्या ओल्या परसात उभी राहून चहा प्यायली. फटीतून मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी काही अपेक्षाच ठेवली नव्हती. फाटकाची कडी वाजली. रेक्स. टपाल उजव्या हातात, वर्तमानपत्र डाव्या. ते त्यानं वाकून माझ्या खुर्चीत ठेवलं, ओल्गा ठेवायची तिथंच. मी घडी उलगडली. कोपरा कोरडा होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी हवामान वाचलं, आणि काय वाचलं ते मला दिसलं नाही.

तो रोज येत राहिला. नवा कुत्रा त्यानं घेतला नाही. भोंगा वाजला की अजून थरथरायचा, व्हेल्मा शेजारी बसायची. रांगेत शक्यतो भिंतीशी उभा राहायचा. बरा झाला असं मी म्हणणार नाही. टपाल आणत राहिला.

पुढच्या कापणीच्या तोंडावर रेक्स गेला. दुपारी, शेडमध्ये, कुणाच्या तरी यंत्राखाली पाठीवर झोपलेला असताना. हृदय. भोंगा वाजला आणि गावातली माणसं धावली. आपण कुणासाठी धावतोय हे त्यांना शेडच्या दारात पोचल्यावर कळलं. दफनाच्या दिवशी चर्चबाहेर सगळं गाव रांगेत उभं होतं. एकेक जण वळसा घालून व्हेल्माच्या समोर येत होता आणि तिचे दोन्ही हात हातांत घेत होता. मागून कुणी आलं नाही. मागे लोरेन उभी होती, आडवी.

रेक्स गेला त्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली.

नेहमीसारखा आला. कडी वाजली, पायऱ्या वाजल्या. वर्तमानपत्र खुर्चीत, टपाल माझ्या हातात.

“आज काही चांगलं नाही तुमच्या नावाचं,” म्हणाला. “विजेचं बिल, आणि चर्चचं पत्रक.”

“बिल परत ने. पत्ता चुकला म्हण.”

“क्लॅरी ऐकत नाही. कालच म्हणाला, म्हातारीला सांग मला सगळी नाटकं ओळखू येतात आता.”

“त्याच्याहून वाईट नट कोण होतं त्या दिवशी?”

“बेकरीवाली,” रेक्स म्हणाला. “ती शिंक.” आणि हसला. टोपी डोक्यावर घातली, आणि घेवडा पाण्यावाचून सुकतोय, संध्याकाळी पाणी घालतो, असं म्हणून निघाला.

फाटकाची कडी त्यानं लावली, लागली का ते ओढून बघितलं. आपल्या घराकडे वळायच्या आधी व्हेल्मासाठी समोरच्या बेकरीतून ब्रेड घ्यायचा होता. रस्त्याच्या कडेला थांबला. रस्ता पार कोठारांपर्यंत रिकामा होता. डावा हात त्यानं जरा खाली, जरा बाहेर धरला होता, पट्टा धरावा तसा. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग खाली, हाताच्या शेजारी बघितलं. आणि ओलांडून गेला.